मावशीची खोली आणि गळका नळ

परवा जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने आपल्या मेहुण्याचं लांबलचक पत्र वाचून दाखवलं. मेहुणा टांझानियाला सफारी करून आला होता. सिंह, हत्ती, जिराफ एका परिच्छेदात आटोपले होते. उरलेली तीन पानं एका मोडक्या हॉटेलवर! मच्छरदाणीला भोकं, बंद केला तरी गळणारा नळ, आठ वाजता गेलेली वीज आणि "येईल, येईल" म्हणत हसणारा मालक. "आफ्रिका म्हणजे असंच असणार!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसलो.

संध्याकाळी डिचोलीच्या बसमध्ये बसलो आणि मनात काहीतरी खटकायला लागलं. कारण ती मच्छरदाणी मी पाहिली होती. आफ्रिकेत नव्हे, आपल्या पेडण्यात. हरमलला, माझ्या मावशीच्या घरी.

१९९१-९२ ची गोष्ट. नाताळच्या सुट्टीत मी मावशीकडे जायचो. डिचोलीहून म्हापसा, मग शिवोली, तिथं फेरीतून चोपडे आणि पुढे पुन्हा बस. पूल तेव्हा नव्हता. हरमलला गोरे लोक येऊ लागून बरीच वर्षं झाली होती आणि किनाऱ्याजवळच्या घरांतून खोल्या भाड्याने दिल्या जात. मावशीनेही दिली होती. दिवसाला चाळीस-पन्नास रुपये. खोली म्हणजे कोण मोठी चैन नव्हती. नळ्यांचं छप्पर, शेणाने सारवलेली जमीन, कापसाची गादी. मच्छरदाणीच्या भोकांना मावशीने जुन्या लुगड्याचे तुकडे लावले होते. न्हाणीत विहिरीच्या पाण्याचं बॅरल, त्याला बसवलेला नळ, आणि तो रात्रभर टप टप करायचा.

ही खोली मुळात आजोबांची. पाहुणे आले की आजोबा वसरीवर झोपत. नाताळातली ती थंडी, आणि म्हाताऱ्याचा खोकला. पण त्या पैशांवर मावसभावाच्या शाळेचा खर्च निघायचा, त्यामुळे कुणी काही बोलत नसे.

एकदा एक जोडपं निघून गेल्यावर उशीखाली कागद सापडला. इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. मावशीने तो माझ्या हातात दिला. "कितें बरयलां रे तांणी?" माझं इंग्रजी सातवीचं. पण उंदीर, घाण आणि नळ एवढे तीन शब्द कळायला ते पुरेसं होतं. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, "बरें बरयलां." मावशी खूष झाली. तो कागद तिने घडी घालून बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवला.

आपल्याकडे बघून असं नाक मुरडणारे ते पहिले नव्हेत. रिचर्ड बर्टन नावाचा इंग्रज अधिकारी १८४७ साली गोव्यात आला. १८५१ साली त्याचं पुस्तक निघालं, त्यात गोव्याची आणि गोंयकारांची भरपूर टिंगल आहे. हाच बर्टन पुढे नाईलचा उगम शोधायला आफ्रिकेत गेला आणि तिथल्या लोकांविषयीही त्याने तुच्छतेने लिहिलं. माणूस तोच, नजर तीच, फक्त मुक्काम बदलला. ते वाचताना आपल्याला राग येतो. मग टांझानियातल्या मालकाला का येऊ नये?

आणि आफ्रिका आपल्याला एवढी परकी तरी कुठे आहे? १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातून चालत होता. तिथल्या बैरा शहरात पोर्तुगिजांनी १९५० च्या दशकात 'ग्रांदे हॉटेल' नावाचं अवाढव्य हॉटेल बांधलं. ते परवडेना, १९६३ साली बंद पडलं. पुढे यादवी पेटली आणि घरदार सुटलेल्या कुटुंबांनी त्याच खोल्यांतून संसार थाटले. कुणी काढलेला फोटो पाहिला तर आपण म्हणू, काय ही दशा! पण ज्याचं घर जळलं होतं त्याला ते छप्परच होतं. मोडकं हॉटेल का मोडलं हे विचारल्याशिवाय त्याच्यावर हसणं सोपं असतं.

याचा अर्थ पाहुण्याने उंदरांबरोबर मुकाट्याने झोपावं असा नाही. पैसे मोजणाऱ्याला स्वच्छ गादी मिळालीच पाहिजे. गरिबी वेगळी आणि घाण वेगळी. शेणाने सारवलेली जमीन ही घाण नव्हे. न धुतलेली चादर ही घाण. एवढा फरक आपण यजमानांनीही ओळखला पाहिजे.

आता पेडणे बदललं. जानेवारी २०२३ पासून मोपावर विमानं उतरू लागली आणि मोरजी, आश्वे, मांद्र्याकडे बघितलं तर हॉटेलांची रीघ. या रेट्यात घरातल्या दोन खोल्या देणारा माणूस टिकेल का, याची मला काळजी वाटते. तो गेला तर पाहुणा गोव्यात येईल, पण कुणा गोंयकाराच्या घरी येणार नाही. पर्यटन व्यवसायाच्या नोंदणीचा कायदा १९८२ सालचा. मी स्वतः कारकून, फॉर्म आणि रकाने रोज बघतो. खोल्या किती, संडास किती, हे कुठल्याही फॉर्मात विचारता येतं. त्या खोलीत आधी कोण झोपत होतं, याला रकाना नसतो.

मावशी आता नाही. गेल्या चवथीला हरमलला गेलो तेव्हा मावसभावाने तो बिस्किटांचा डबा काढला. घर दुरुस्त करून तोही दोन खोल्या भाड्याने देतो. "आयनं सांभाळून दवरिल्लें. बरें बरयलां न्हय रे?" त्याने विचारलं. या खेपेला मी जसं होतं तसं वाचून दाखवलं. मला वाटलं, तो दुखावेल. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "नळाचें मात खरें आसलें."

तेव्हाच खरं सांगितलं असतं तर मावशीने चार आण्यांचं वायसर आणून तो नळ दुसऱ्याच दिवशी नीट केला असता. त्या जोडप्याने तिच्या तोंडावर सांगितलं नाही, आणि मीही नाही. तेव्हा मंडळी, परमुलखात कुठे मोडक्या खोलीत राहायची वेळ आलीच, तर घरी येऊन तीन पानं लिहिण्याआधी मालकाला दोन शब्द सांगून तरी बघा.