जाहीर इशारा: मोडके गेम इथे खपवू नका

ओपन-वर्ल्ड रोल-प्लेइंग गेम बनवणाऱ्या कंपन्या, ते विकणारी ऑनलाइन दुकानं आणि जाहिरातींतून त्यांचा गाजावाजा करणारे सगळे, यांना शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतून हा इशारा आहे. चाळीस तास खेळल्यावर जो गेम पुढे सरकतच नाही, तो मोडका आहे. मोडका माल पूर्ण किमतीला विकणं ही फसवणूक आहे. येत्या २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, आम्ही दिलेली मुदत संपते.

तक्रार कशाबद्दल आहे, ते आधी नीट समजून घ्या. घोडा हवेत तरंगला, पहारेकऱ्याचं डोकं भिंतीत घुसलं, याबद्दल आम्ही ओरडत नाही. एवढ्या मोठ्या जगात तेवढं चालायचंच. आमचा संताप आहे तो खेळ तिथेच संपवणाऱ्या बगवर. ज्याच्याशी बोलल्याशिवाय मुख्य क्वेस्ट हलत नाही, तो माणूस जागेवर उगवतच नाही. जो दरवाजा उघडायला हवा तो बंदच राहतो, आणि तोवर ऑटोसेव्हने चांगली सेव्ह पुसून टाकलेली असते. कधी सेव्ह फाइलच उघडत नाही. महिनाभर रात्री जागून उभं केलेलं पात्र, जमवलेली हत्यारं, घेतलेले निर्णय, सगळं जातं.

हे काम अवघड आहे, हे आम्हाला कळतं. खुल्या जगात खेळाडू कुठूनही कुठेही जातो, क्वेस्ट हव्या त्या क्रमाने उचलतो. कोण मेलं, कोणती पेटी उघडली, कुठली वस्तू कुठे टाकली, हे सारं गेमला लक्षात ठेवावं लागतं आणि सेव्ह फाइल फुगत जाते. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या 'स्कायरिम'चं प्लेस्टेशन ३ वर हेच झालं. जो जितका जास्त खेळला, त्याचा गेम तितका रखडू लागला. मग दुरुस्तीसाठी पॅच आला, तर त्याने जादूपासून होणारा बचाव बिघडवला आणि ड्रॅगन उलटे उडू लागले. पुढे 'डॉनगार्ड' हा जोडभाग इतरांना २०१२ मध्ये मिळाला, प्लेस्टेशन ३ वाल्यांना मात्र २०१३ च्या फेब्रुवारीपर्यंत ताटकळत ठेवलं. पैसे सगळ्यांनी भरले होते.

यातून धडा घेतला गेला का? 'सायबरपंक २०७७' बघा. १० डिसेंबर २०२० ला तो बाजारात आला, तोवर त्याच्या ऐंशी लाख प्री-ऑर्डर झाल्या होत्या. प्रकाशनापूर्वी समीक्षकांना दिली ती पीसीवरची प्रत. जुन्या कन्सोलवर तो कसा चालतो, हे विक्रीच्या दिवसापर्यंत लोकांपुढे आलंच नाही. पीसीवर सेव्ह फाइल आठ एमबीच्या वर गेली की ती खराब व्हायची, आणि खराब झालेली परत मिळत नव्हती. खेळाडूंना सल्ला काय दिला? जवळ कमी वस्तू बाळगा. म्हणजे जो मन लावून खेळला, ज्याने कोपरान् कोपरा धुंडाळला, शिक्षा त्यालाच. २३ डिसेंबरच्या दुरुस्तीत ही मर्यादा काढली. त्याआधी, १८ डिसेंबरला, सोनीने तो गेम आपल्या दुकानातून उतरवला आणि पैसे परत देऊ केले. पुन्हा तो तिथे आला २१ जून २०२१ ला. गेम बनवणाऱ्या कंपनीच्या सहसंस्थापकाने जानेवारी २०२१ मध्ये व्हिडिओतून सांगितलं की प्रकाशनाचा निर्णय वरच्यांचा होता, टीमला दोष देऊ नका. आम्ही देतही नाही. आपल्या पुण्यातही कितीतरी मराठी मुलंमुली गेम तपासण्याच्या कामावर आहेत. बग शोधून ती नोंदवतात. नोंदवलेला बग तसाच ठेवून तारीख पाळायची, हे ठरवणारे वेगळे असतात. हा इशारा त्यांना आहे.

शहरातला खेळाडू निदान पॅच उतरवून घेतो. आमच्याकडे काय होतं ते ऐका. शहापूर आणि मुरबाड गावठाणात फायबर आला, पण डोळखांब, किन्हवली, टोकावडे, धसई या बाजूला अजून बहुतेक काम मोबाइल डेटावरच चालतं. रोज दोन जीबीच्या पॅकवर पन्नास जीबीचा पॅच उतरायला पंचवीस दिवस लागतात, तेही घरात दुसऱ्या कुणी फोनला हात लावला नाही तर. पावसाळ्यात एकदा वीज गेली की कधी येईल याचा भरवसा नसतो, आणि डाऊनलोड अर्ध्यावर तुटतं. "पहिल्या दिवशी पॅच देऊ" हे वाक्य इथे पोकळ आहे. दुकानातून आणलेल्या डिस्कवर खेळता येईल असा पूर्ण गेम असलाच पाहिजे.

आणि पैसा कुठून येतो? आसनगाव, वाशिंद, मुरबाड एमआयडीसी, पडघ्याची गोदामं, इथे पाळ्या करून पोरं तीन-चार हजार बाजूला काढतात. एक गेम, तोही चौघांत मिळून. म्हसाच्या जत्रेत बैल घेणारा शेतकरी आधी दात बघतो, चार पावलं चालवून बघतो, मगच पैसे मोजतो. इथे तपासायला मिळतं काय? स्टीम या ऑनलाइन दुकानात पैसे हमखास परत मिळतात ते खरेदीपासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तरच. शंभर तासांच्या गेममध्ये दोन तास म्हणजे पात्राचा चेहरा ठरवून पहिल्या गावात पोचणं. चाळिसाव्या तासाला रस्ता बंद झाला तर तक्रार कुठे न्यायची?

ती आम्ही कुठे नेणार, ते सांगतो. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. तुमचं कार्यालय कॅलिफोर्नियात असो की वॉर्सात, आमचा आयोग ठाण्यात आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क नाही, अर्ज ऑनलाइन करता येतो, आणि एकच तक्रार असलेल्या अनेक ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र दाद मागता येते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं. "आम्ही तुमच्या देशात धंदाच करत नाही" असा बचाव स्टीमच्या मालक कंपनीने ऑस्ट्रेलियात करून पाहिला. तिथल्या न्यायालयाने तो फेटाळला आणि २०१६ मध्ये तीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचं काम पुण्यातून सुरू केलं तेव्हा भारतात ग्राहकांचा वेगळा कायदाही नव्हता. आज तो आहे, आणि आम्ही तो वापरणार आहोत.

मुदतीपर्यंत आम्हाला हे हवं आहे. मुख्य क्वेस्ट अडवणारे आणि सेव्ह खराब करणारे जेवढे बग तुम्हाला ठाऊक आहेत, ते विक्रीच्या पानावरच लिहा. अशा बगमुळे गेम अडकला तर किती तास खेळलो हे न बघता पैसे परत द्या. ऑटोसेव्हने जुनी सेव्ह पुसू नये, निदान काही मागच्या प्रती राहू द्या. पॅच तुकड्यांत उतरला पाहिजे आणि तुटला तर तिथूनच पुढे सुरू झाला पाहिजे. आणि गेम अर्धवट असेल तर अर्धवट म्हणूनच विका. 'बाल्डर्स गेट ३' ऑक्टोबर २०२० पासून जवळपास तीन वर्षं तसा शिक्का मारूनच विकला गेला, घेणाऱ्याला माहीत होतं, कुणाची फसवणूक झाली नाही.

२४ डिसेंबरनंतर आमच्याकडून एकही प्री-ऑर्डर जाणार नाही. प्रत्येक अडकलेल्या गेमची तक्रार आधी १९१५ या हेल्पलाइनवर आणि मग ठाण्याच्या आयोगात दाखल होईल. दोन्ही तालुक्यांतल्या खेळाडूंनी आजपासून बिल, गेमच्या आवृत्तीचा क्रमांक आणि बगचा तारखेसह व्हिडिओ जपून ठेवावा. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, तेव्हा गेल्या वर्षी अडकलेले गेमही यात धरले जातील.