प्लाझ्मा वाया गेला नाही, उत्तर वाया गेले

एप्रिल २०२१. करोनाची दुसरी लाट भरात होती. छत्रपती संभाजीनगरमध्ये (तेव्हाचे औरंगाबाद) वॉर्डाबाहेर नातेवाईक एकच विचारत होते, ‘डॉक्टर, प्लाझ्मा कुठे मिळेल?’ दाता शोधण्यासाठी लोक रात्र-रात्र फोन करत होते. खरे तर प्लाझ्माचा उपयोग किती, याचे उत्तर सहा महिन्यांपूर्वीच आले होते.

एप्रिल ते जुलै २०२० दरम्यान आयसीएमआरने देशातील ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर ‘प्लासिड’ चाचणी घेतली. सुमारे निम्म्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांसोबत करोनातून बऱ्या झालेल्यांचा प्लाझ्मा दिला, बाकीच्यांना फक्त नेहमीचे उपचार. आजार गंभीर होण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण पहिल्या गटात १९ टक्के, दुसऱ्यात १८. म्हणजे फायदा नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये हे निष्कर्ष ‘बीएमजे’त छापून आले. दात्यांच्या प्लाझ्मात प्रतिपिंडे कमी होती, असा आक्षेप निघाला. मात्र प्रतिपिंडे जास्त असलेला प्लाझ्मा वापरूनही ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत फायदा दिसला नाही. अखेर मे २०२१ मध्ये आपल्याकडील उपचारांच्या यादीतून प्लाझ्मा वगळला गेला. तोवर लाट ओसरू लागली होती.

एका तरुण दात्याने मला नंतर विचारले, ‘मग माझा प्लाझ्मा वाया गेला का?’ नाही. चाचणीसाठी दिलेल्या प्लाझ्मामुळेच तर हे उत्तर मिळाले. वाया गेले ते त्यानंतरचे महिने.

संशोधनासाठी निरोगी माणसांकडून प्लाझ्मा किंवा पांढऱ्या पेशी आजही घेतल्या जातात. यंत्र रक्तातून हवा तो घटक वेगळा करते आणि बाकीचे रक्त शरीरात परत सोडते. प्लाझ्मासाठी साधारण तासभर लागतो, पांढऱ्या पेशींसाठी त्याहून जास्त वेळ. रक्त गोठू नये म्हणून वापरलेल्या सायट्रेटमुळे ओठांना, बोटांना मुंग्या येऊ शकतात. तसे झाले की लगेच सांगावे. प्लाझ्मातील पाण्याचा भाग एक-दोन दिवसांत भरून निघतो.

नेहमीचे रक्तदान आणि हे दान यांत मात्र फरक आहे. इथे समोर रुग्ण नसतो, प्रश्न असतो. म्हणून सही करण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात: प्रश्न कोणता? नैतिकता समितीची मान्यता आहे का? उरलेल्या नमुन्याचे काय होणार? निष्कर्ष मला कळवणार का? प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी घेण्यात गैर काही नाही. पैशांचे आमिष मात्र नको. आणि मन बदलले तर कधीही नकार देता येतो.

चौथा प्रश्न आपण डॉक्टरांनीही स्वतःला विचारायला हवा. ज्याने बाह्या वर करून उत्तर शोधायला मदत केली, त्याला ते कळवणे आणि ते मनाविरुद्ध आले तरी वेळेत अमलात आणणे, एवढे देणे आपण लागतो.