अडुळसा : पाने घरासाठी, फुले मधमाश्यांसाठी

हिवाळा लागला की घराघरांत खोकल्याची तक्रार सुरू होते आणि अडुळशाची आठवण निघते. पूर्वापार उपचारात त्याच्या पानांचा रस मधाबरोबर घेतला जातो. जैन कुटुंबांत मध वर्ज्य असल्याने पानांचा काढा गूळ किंवा खडीसाखर घालून दिला जातो. मधमाशी हा चतुरिंद्रिय जीव; तिचे पोळे लुटू नये, हा संस्कार पिढ्यान्‌पिढ्या जपला गेला आहे.

मात्र त्याच घराच्या बागेत माळी दरमहा कीटकनाशक फवारून जातो. फवारा मालकाच्या हातात नसतो, एवढ्याने दोष टळत नाही. शास्त्राने हिंसा कृत, कारित आणि अनुमोदित अशी तिन्ही प्रकारे मोजली आहे. फुललेल्या झाडावर फवारलेले विष मकरंदासाठी आलेल्या माशीलाही मारते.

या दृष्टीने अडुळसा बागेत असणे हिताचे. त्याची कडू पाने शेळ्यादेखील खात नाहीत व कीडही क्वचितच लागते. पावसाळ्याच्या आरंभी तीन-चार डोळे असलेली वीतभर फांदी निचऱ्याच्या मातीत लावावी. कुंपणालगत तिचे माणसाच्या उंचीचे झुडूप होते. हिवाळ्यात जांभळट रेषांची पांढरी फुले येतात आणि त्यांवर भुंगे व मधमाश्या येऊ लागतात.

पाने तोडण्यातही विवेक हवा. आश्विन-कार्तिकात, कळ्या धरण्यापूर्वी, गरजेपुरती पाने खुडून सावलीत वाळवावीत. फुलोऱ्यात कात्री लावू नये. छाटणी फुले सरल्यावर करावी. काम पानांनी भागते, तेव्हा मूळ उपटण्याचे कारण नाही. मुद्दल राखून व्याजावर भागविण्याची ही रीत व्यापारी घरांना नवी नाही.

अडुळशातील व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्सिन हे कफाचे आधुनिक औषध विकसित झाले. म्हणून काढाही औषध समजूनच घ्यावा. गर्भवतींनी तो घेऊ नये. लहान मुलांना वैद्यांच्या सल्ल्यानेच द्यावा. खोकला 2 आठवड्यांहून अधिक टिकल्यास डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.

ताटातील मधाचा त्याग घराघरांत पाळला जातोच. अंगणातील मधमाशीला अभय देण्यासाठी माळ्याला एवढेच सांगावे लागते : फुललेल्या झाडावर फवारणी नको.