लपवलेलं इंजेक्शन

“ताई, पोरीला दम लागतो हे कुठं बोलू नका, सोयरीक मोडंल.” तुळजापूर तालुक्यातल्या किती आयांकडून मी हे ऐकलंय! लहानपणी घसा सुजतो, मग संधिज्वर येतो आणि हृदयाच्या झडपा बिघडतात. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घेतलं तर पुढचं नुकसान टाळता येतं. पण लग्न ठरलं की ते बंद! मग गरोदरपणात जीवावर बेततं.

शिबिरांना सोलापूरचे डॉक्टर मानधन न घेता सल्ला द्यायला येतात. त्याचं मोल आहेच. पण कुणाचं इंजेक्शन थांबलं, हे त्यांना कळणार कसं? अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावातल्याच, कमी शिकलेल्या बायकांना शिकवून ‘भारतवैद्य’ केलं. अशा बाईला ते चुलीपाशी कळतं. मैत्रिणींनो, सल्लागारांच्या बैठकीत तिलाही बसवा, आणि चहा करायला नको.