भिंग, चुंबक आणि जुना बाजार

दोस्तांनो, जुन्या बाजारात जायचं असेल तर पैशांच्या आधी दोन वस्तू खिशात टाका. एक छोटं भिंग आणि एक लोहचुंबक. चुंबक विकत आणायची गरज नाही. मोडक्या कंपासपेटीच्या झाकणात किंवा बिघडलेल्या स्पीकरमध्ये तो सापडतो. या दोन वस्तू का, ते पुढे कळेलच.

पुण्यात मंगळवार पेठेच्या बाजूला वर्षानुवर्षं बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरत आला आहे. जमिनीवर पथाऱ्या आणि त्यांवर काय वाट्टेल ते! गंजलेले पाने, बिनकिल्लीची कुलपं, टेलिफोनचे रिसीव्हर, अडकित्ते, एकाच काडीचे चष्मे, बंद पडलेले कॅमेरे आणि मधेच एखाद्या परातीत नाण्यांचा ढीग. मुंबईकरांचा चोर बाजार भेंडी बाजाराजवळच्या मटण स्ट्रीटवर आहे. तिथली दुकानं शुक्रवारी बंद आणि रस्त्यावरच्या पथाऱ्या मात्र शुक्रवारीच जोरात. याचं मूळ नाव ‘शोर बाजार’, म्हणजे गोंगाटाचा बाजार, होतं असं सांगतात. खरं-खोटं कोण जाणे. पण या बाजारात गोष्टी फार सांगतात हे मात्र शंभर टक्के खरं! इथे प्रत्येक वस्तू ‘राजवाड्यातली’ असते, प्रत्येक नाणं ‘शेवटचं एकच’ असतं.

विकणाऱ्या काकांवर रागवायचं कारण नाही. त्यांनाही ती गोष्ट कुणीतरी सांगितलेली असते. आपण काकांचं ऐकून घ्यायचं, हसायचं आणि मग वस्तूलाच विचारायचं, “बाई गं, तू खरी किती वर्षांची?” वस्तू बोलतात बरं का. फक्त त्यांची भाषा यायला हवी.

आता हेच पाहा. परातीतून काका वीस पैशांचं एक पिवळं नाणं काढतात. त्यावर गांधीजींचा चेहरा आणि खाली १८६९–१९४८. “अठ्ठेचाळीस सालचं आहे, बाळ. गांधीजी गेले त्या वर्षीचं!” तुम्ही हरखून जाता. थांबा! १९४८ साली आपल्याकडे वीस पैसे होते का? तेव्हा रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै असा हिशेब होता. म्हणजे रुपयात चौसष्ट पैसे. शंभर पैशांचा रुपया १ एप्रिल १९५७ पासून सुरू झाला. मग हे नाणं अठ्ठेचाळीसचं कसं असेल? ते आहे गांधीजींच्या जन्मशताब्दीचं, १९६९ सालचं. त्यावरची दोन सालं जन्माची आणि मृत्यूची आहेत. पाहा, नुसत्या ‘२० पैसे’ या शब्दांनी काकांची गोष्ट कोसळली. नाणं घ्यायला हरकत नाही, छानच आहे ते. किंमत मात्र एकोणसत्तरच्या नाण्याची द्या.

आता चुंबक काढा. राजा सहाव्या जॉर्जचं चित्र आणि मागे रुबाबदार वाघ, असा १९४७ सालचा रुपया या बाजारात हमखास दिसतो. “राणीछाप चांदीचा” म्हणून तो पुढे केला जातो. (राणी कुठली, राजा आहे तो! पण जुन्या रुपयाला सरसकट राणीछाप म्हणायची आपल्याकडे पद्धतच पडली आहे.) चुंबक जवळ न्या. टक्! चिकटला? मग ती चांदी नव्हे, निकेल आहे. या ठिकाणी वजनकाटा उपयोगाचा नाही, कारण चांदीच्या जुन्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम आणि या निकेलच्या रुपयाचंही तेवढंच. जुना तोळा म्हणजे हेच रुपयाभर वजन. आज सराफाकडे सोयीसाठी दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात, ती गोष्ट वेगळी.

एक सावधगिरी मात्र घ्या. चुंबकाला चिकटलं नाही म्हणून लगेच ‘चांदी, चांदी’ म्हणून नाचू नका. पितळ, जर्मन सिल्व्हर हेही चुंबकाला दाद देत नाहीत. शिवाय सगळ्या जुन्या रुपयांत चांदी सारखी नसते. १९३९ पर्यंतच्या रुपयात शंभरात जवळजवळ ब्याण्णव भाग चांदी होती. दुसरं महायुद्ध पेटलं, चांदीची चणचण झाली आणि १९४० पासून ती निम्म्यावर आली. तांब्याचीही तीच गत. १९४३ ते १९४७ या काळातला एक पैसा मधे भोक पाडूनच टाकसाळीतून बाहेर पडला, तेवढंच तांबं वाचलं! घरी आजीला विचारा. भोकाच्या पैशात दोरा ओवून लहान मुलाच्या कमरेला बांधलेला तिने पाहिला असेल. हा पैसा दिसतो फार मजेदार, पण तेव्हा तो कोट्यवधींनी पाडला होता. त्यामुळे तो जुना असला तरी दुर्मीळ नाही. भरमसाट पैसे मोजू नका.

उलटही घडतं. पाचव्या जॉर्जचा १९११ सालचा रुपया घ्या. राजाच्या पोशाखावर एक छोटासा हत्ती कोरला होता. पण त्याची सोंड इतकी आखूड झाली की लोकांना तो डुक्कर वाटला! ओरड झाली, सरकारने रुपये परत मागवले आणि १९१२ पासून नीट सोंडेचा हत्ती आला. म्हणून १९११चा रुपया संग्राहकांना हवाहवासा वाटतो. १९३९चा रुपयाही असाच, फारच थोडे लोकांच्या हाती आलेले. आता ज्याची मागणी जास्त, त्याची नक्कल जास्त. १९३८च्या रुपयातल्या आठाला कोरून नऊ करणारे कारागीर आहेत! इथे भिंग कामाला येतं. चारही आकडे पाहा. एकच आकडा खरवडल्यासारखा, आजूबाजूचा भाग गुळगुळीत झालेला दिसला की नाणं खाली ठेवा. साच्यात ओतून केलेल्या नकली नाण्यावर भिंगातून सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात, अक्षरांच्या कडा बोथट असतात आणि कधी कधी काठावर सांधा दिसतो. खरी नाणी ठशाने ठोकलेली असतात.

आपल्या मराठी मुलांच्या मनाला हात घालणारं नाणं म्हणजे शिवराई. तांब्याची, ओबडधोबड, एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. हातात घेतली की अंगावर काटा येतो. “थेट महाराजांच्या काळातली,” असं काका सांगतात. आता नीट ऐका. शिवछत्रपतींचा राज्याभिषेक १६७४चा. पण हीच अक्षरं असलेल्या शिवराया पुढे पेशवाईत आणि त्यानंतरही पाडल्या जात होत्या. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक शिवराया या पुढच्या काळातल्याच असतात. काहींवर अक्षरांच्या दोन ओळींमध्ये दोन आडव्या दांड्या असतात, ती दुदांडी शिवराई. तीही पुढचीच. म्हणून ती कमी मोलाची का? मला नाही तसं वाटत. महाराज गेल्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षांनीही लोक त्यांचं नाव असलेल्या नाण्याने भाजी घेत होते, ही गोष्ट काकांच्या गोष्टीपेक्षा मोठी आहे. सोन्याचा ‘शिवराई होन’ कुणी पथारीवर दाखवला तर मात्र सरळ पुढे चला. तो अतिशय दुर्मीळ आहे, परातीत पडून राहणारा नव्हे.

आणखी एक नमुना नेहमी भेटतो. १८१८ साल, ‘ईस्ट इंडिया कंपनी’ असं नाव आणि मागे मारुती किंवा रामपंचायतन. कंपनीने १८१८ साली मारुतीचं असं अर्ध्या आण्याचं नाणं कधी पाडलंच नाही. हे नंतर कुणीतरी हौसेने किंवा फसवणुकीसाठी बनवलेले बिल्ले आहेत. असल्याच ‘नाण्यांना’ तांदूळ ओढण्याची शक्ती असते असं सांगून मोठ्या माणसांना लाखो रुपयांना बुडवलं गेलं आहे. हो, मोठ्या, शिकल्यासवरलेल्या माणसांना!

नाण्यांपासून जरा बाजूला होऊ. पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन चोर बाजारात हटकून दिसतो. कर्णा लखलखीत, पेटीवर कुत्र्याचं चित्र. “शंभर वर्षांचा आहे!” पेटी उलटी करून बघू का, असं काकांना विचारा आणि स्क्रू पाहा. डोक्यावर अधिक चिन्हासारखी खाच असलेले स्क्रू १९३० च्या दशकात आले. त्याआधीच्या यंत्रावर एकच सरळ खाच हवी. आत कोरं, फिकट लाकूड आणि अधिकाचे स्क्रू दिसले तर समजा, जुन्या सुट्या भागांना नवी पेटी आणि नवा कर्णा चढवला आहे. ही स्क्रूची युक्ती घड्याळं, कॅमेरे, टेबलं या सगळ्यांना चालते. त्याच्यावरची खरी जुनी तबकडी लाखेची, जड आणि भलती ठिसूळ असते. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं गाणं. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांनी गायलेल्या तबकड्या या देशातल्या अगदी पहिल्या तबकड्यांपैकी. गाणं संपलं की त्या स्वतःचं नाव इंग्रजीत मोठ्याने सांगत. तबकड्या जर्मनीत तयार होत, आणि तिथल्या माणसांना गाणारं कोण हे कळावं म्हणून!

लोखंडी इनॅमलच्या जाहिरातींच्या पाट्याही हल्ली हुबेहूब नव्या बनतात, वर मुद्दाम गंज चढवून. त्यांना काय विचारायचं? पत्ता विचारायचा. पत्त्यात सहा आकडी पिन कोड असेल तर पाटी १५ ऑगस्ट १९७२ नंतरचीच, कारण पिन कोड त्या दिवशी सुरू झाला. ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलं असेल तर १ मे १९६० नंतरची. किंमत आण्यांत असेल तर ती वस्तू बहुतेक १९५७ च्या आधीची किंवा त्याच्या आसपासची. एवढा इतिहास शाळेत शिकवतातच, तो बाजारात वापरायचा इतकंच.

पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिलंय का? दिनकर केळकर, म्हणजे कवी ‘अज्ञातवासी’, यांनी जुन्या वाड्यांतून, गावोगावांतून दिवे, अडकित्ते, दौती, वज्र्या, वाद्यं जमवली. वज्री म्हणजे पाय घासायची वस्तू. लोक ती भंगारात टाकत होते आणि हा माणूस मांडून ठेवत होता. त्यांचा लहानगा मुलगा राजा अकाली गेला, त्याचं नाव त्यांनी संग्रहाला दिलं. वीस हजारांच्या आसपास वस्तू त्यांनी १९७५ साली महाराष्ट्र शासनाला देऊन टाकल्या. बाजारात जाण्याआधी एकदा तिथे जाऊन या. मग पथारीवरचा गंजका अडकित्ता तुम्हांला वेगळाच दिसेल.

आता आईबाबांनी वाचायचा भाग. १९७२च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं, मूर्ती, कलावस्तू ‘पुरावस्तू’ ठरते. हस्तलिखित महत्त्वाचं असेल तर पंचाहत्तर वर्षं पुरतात. अशी वस्तू देशाबाहेर न्यायला बंदी आहे आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. दगडी किंवा धातूची जुनी मूर्ती पथारीवर दिसली तर ती एखाद्या देवळातून उचललेलीही असू शकते, ती घेऊच नका. शेतात किंवा पाया खणताना पुरलेलं धन सापडलं तर १८७८च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि फोनवर ‘ट्रॅक्टरच्या चित्राची पाचची नोट लाखाला घेतो, आधी नोंदणीचे पैसे भरा’ असं कुणी म्हणालं, तर फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये अशा फसवणुकीबद्दल जाहीर सूचना दिली आहे. बँक असा व्यवहार करत नाही आणि त्यासाठी शुल्कही मागत नाही.

आणलेलं नाणं चिंचेने, राखेने घासायचं नाही हं! देवघरातलं पितळ नव्हे ते. घासलं की वरचा थर आणि बारीक अक्षरं जातात, आणि कुठलाही जाणकार ते हातात घेत नाही. साध्या पाण्याने धुवा, मऊ कापडाने टिपा, कागदाच्या पाकिटात ठेवा. पाकिटावर कुठून, कधी, कितीला घेतलं ते लिहा. काकांनी सांगितलेली गोष्टसुद्धा लिहा, पण ‘काका म्हणतात’ असं पुढे लिहून!

सुरुवात कशाने करायची? माझं मत विचाराल तर ॲल्युमिनियमच्या पैशांनी. चौकोनी एक पैसा, कंगोऱ्यांचे दोन पैसे, षटकोनी तीन पैसे, मग पाच, दहा, वीस. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, त्यामुळे ती परातीत भरपूर आणि स्वस्त मिळतात. सालाच्या खाली भिंगाने पाहा. छोटी चौकट दिसली तर मुंबईची टाकसाळ, चांदणी असेल तर हैदराबाद, गोल टिंब असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. १९५७ ते १९६३ च्या नाण्यांवर ‘नया पैसा’, ‘नये पैसे’ असं छापलेलं सापडेल. एका नव्या पैशावर तर ‘रुपये का सौवाँ भाग’ असंही लिहिलं आहे, म्हणजे आण्यांत मोजणाऱ्या लोकांना हिशेब कळावा. दोन, पाच आणि दहा नव्या पैशांवर काय लिहिलं असेल ते आधी मनाशी ठरवा आणि मग परातीत हात घाला.