सुरतेहून रिकाम्या हाताने

मराठी माणसाने सुरतेचं नाव काढलं की ऐकणाऱ्याला १६६४ आणि १६७० हे दोन आकडे आठवतात. महाराज दोन्ही वेळा भरल्या हाताने परतले. मी मात्र गेल्या हिवाळ्यात सुरतेला जाऊन आलो तो पिशवीभर छापील माहितीपत्रकं, दोन फुकटची पेनं आणि घारीचा एक डबा घेऊन. आणायला गेलो होतो एक चांगली पटाशी. ती मिळाली नाही.

झालं असं, की मला लाकूडकामाचा नाद आहे. नोकरी सांभाळून, रविवारी, मागच्या पडवीत. आजवर दोन पाट, एक पुस्तकांचं कपाट (थोडं डावीकडे झुकलेलं) आणि आदोळीची एक बैठक एवढी माझी कमाई. सुरतेला लाकूडकामाचं मोठं प्रदर्शन भरतंय असं कळलं, आणि मी मडगावला गाडीत बसलो. म्हटलं, हत्यारं बघू, चार प्रकारचं लाकूड हाताळू, जाणत्या माणसांशी बोलू.

दारातच अडलो. नोंदणीच्या फॉर्मवर कंपनीचं नाव, वार्षिक उलाढाल, यंत्रांची संख्या. टेबलामागच्या तरुणाने अदबीने विचारलं, कंपनी कोणती? म्हटलं, नाही. इंटिरियरचं काम? नाही. मग? म्हटलं, छंद आहे. त्याने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं आणि गळ्यात अडकवायच्या कार्डावर ‘फर्निचर उत्पादक’ असं लिहून टाकलं. त्याचा दोष नाही, त्याच्या यादीत माझ्यासाठी रकानाच नव्हता. दिवसभर मी उत्पादक म्हणून मिरवलो. दोघांनी चहा पाजला आणि एकाने कर्जाचे हप्तेसुद्धा समजावून सांगितले.

आत दालनांमागून दालनं. पण लाकडाचा वास कुठेच नाही. साग, फणस, शिसव कापताना जो वास येतो तो ज्याने एकदा घेतला त्याला दारातूनच कळतं. इथे वास होता तापलेल्या गोंदाचा आणि प्लॅस्टिकचा. एका यंत्रापुढे मी अर्धा तास उभा होतो. एका बाजूने भुशाच्या दाबीव बोर्डाचा तुकडा आत सरकवायचा. यंत्र त्याच्या कडेला गरम गोंद लावतं, रंगीत पट्टी चिकटवतं, जास्तीची पट्टी कापतं, कड घासून गुळगुळीत करतं आणि दुसऱ्या टोकाला तयार माल बाहेर टाकतं. खोटं कशाला बोलू, बघायला मजा आली. यंत्र चालवणाऱ्या मुलाला विचारलं, हे लाकूड कुठलं? तो म्हणाला, "लकडी नहीं साहब, बोर्ड है." माझं अज्ञान त्याने एका शब्दात दुरुस्त केलं.

आणि हे कुठे, तर सुरतेत. डांगचं सागाचं जंगल इथून काही तासांवर. तिथलं लाकूड उतरवायला गायकवाडांच्या काळात बिलीमोरा ते वघई अशी छोटी रेल्वे घातली गेली. वलसाडी साग हा शब्द आपल्याकडच्या जुन्या घरांत आजही अभिमानाने उच्चारला जातो.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, आता हा यंत्रांच्या नावाने बोटं मोडणार. कला मेली, कारागीर संपला, वगैरे. तसं लिहिणं सोपं आहे, आणि गोव्यात तर तसे लेख दर चतुर्थीला छापून येतात. मला वेगळंच म्हणायचं आहे.

सुरतेची स्वतःची एक कला आहे, सादेली. लाकूड, हाड, शिंग, कथील, आणि पूर्वी हस्तिदंतसुद्धा, यांच्या बारीक त्रिकोणी काड्या करायच्या. त्या एकत्र चिकटवून जुडी बांधायची, आणि मग ती जुडी आडवी कापत जायची, काकडीच्या चकत्यांसारखी. प्रत्येक चकतीवर तीच चांदणी, तेच फूल. या पातळ चकत्या साध्या लाकडाच्या पेटीवर चिकटवल्या की झाली सादेलीची पेटी. एकोणिसाव्या शतकात या पेट्या मुंबईहून विलायतेला जात आणि तिथे त्यांना मुंबईच्याच नावाने ओळखत. आता ते काम करणारी कुटुंबं बोटांवर मोजण्याइतकी. प्रदर्शनात त्यांचं एकही दुकान मला दिसलं नाही.

पण नीट बघा. सादेली म्हणजे तरी काय? स्वस्त लाकडावर चिकटवलेला देखणा पातळ पापुद्राच की! म्हणजे चिकटवणं हे पाप नव्हे. तेव्हा लॅमिनेटला शिव्या देऊन हात झटकता येणार नाहीत.

त्याच शहरातली दुसरी गोष्ट. लवजी नसरवानजी वाडिया हा सुरतेच्या गोदीतला सुतार. १७३६ साली कंपनीने त्याला जहाजबांधणीसाठी मुंबईला नेलं. त्याच्या घराण्याने सागाची जी जहाजं बांधली त्यांतलं १८१७ सालचं ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये अजून पाण्यावर उभं आहे. वाडिया हे आडनाव जहाजबांधणीवरून, पेटीगरा हे पेट्या करण्यावरून. पारशांमध्ये आडनाव कामावरून पडलं, आणि पुढे काम सुटलं तरी आडनाव राहिलं. मुंबईत धोबीतलावला पुतळा आहे ते कावसजी पेटीगरा तर पोलीस अधिकारी होते! आपल्याकडे उलटं झालं. आपण आडनावावरून काम ठरवलं. चारी असेल तर रंधा धरायचा, नसेल तर धरायचा नाही.

मी चारी नाही. पहिला पाट केला तेव्हा मामा घरी आले होते. ते म्हणाले, "अरे, हें चाऱ्याचें काम. तुका कित्याक जाय तें?" मामा वाईट माणूस नव्हेत. तुमच्या घरातही असे मामा आहेत. तेच मामा जत्रेत देवाचा रथ बघून कारागिरांचं तोंड भरून कौतुक करतात, आणि खाटेची दुरुस्ती करायला आलेल्या मेस्ताशी दोनशे रुपयांवरून तासभर हुज्जत घालतात.

मला शिकवलं ते आमच्या वाड्यावरच्या एका मेस्ताने. त्यांचा एक मुलगा वेर्णेला औषधांच्या कारखान्यात आणि दुसरा जहाजावर. एकदा मी भाबडेपणाने म्हटलं, मेस्ता, पोरांना हे शिकवायला हवं होतं. त्यांनी रंधा थांबवला नाही. म्हणाले, "तुका ती मजा, म्हाका तें पोट." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. ज्यांच्या माथी हे काम जन्माने मारलं, ते त्यातून बाहेर पडले तर आनंदच आहे. त्यांच्या मुलांनी परत यावं असं म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

प्रश्न असा आहे, की ते बाहेर पडले तेव्हा आत कोण गेलं? कोणीच नाही. कारण दारावर आडनावाची पाटी होती. सरकारलासुद्धा ती काढायचं सुचत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये पंतप्रधान विश्वकर्मा योजना आली. अठरा व्यवसाय, पंधरा हजारांची हत्यारं, स्वस्त कर्ज, शिकताना रोजचे पाचशे रुपये. योजना गरजेची आहे आणि अनेक मेस्तांना तिचा उपयोग होईल. नियमांत जातही नाही. पण शब्द काय आहेत, तर ‘कुटुंबाधारित पारंपरिक व्यवसाय’. ज्याच्या कुटुंबात हत्यार नव्हतं त्या पोराने कुठे जायचं? स्वीडनमध्ये लाकूडकाम, शिवणकाम हा आजही शाळेतला सक्तीचा विषय आहे, मुलामुलींना सारखाच. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याला हेच सांगितलं होतं. आपण त्याचा ‘कार्यानुभव’ केला आणि त्या तासाला गणिताचा राहिलेला धडा उरकला.

आता त्याची किंमत मोजतोय. आपल्या जुन्या घरांच्या शिंपल्यांच्या खिडक्या बघा. शिंपले अजून शाबूत असतात, त्यांना धरणारी लाकडी जाळी कुजते. ती जाळी करणारा माणूस शोधायला मी गेल्या वर्षी तीन गावं फिरलो. शेवटी लोक काय करतात? खिडकी जुनी चीज म्हणून विकतात, ॲल्युमिनियम बसवतात, आणि मग संस्कृतीवरच्या व्याख्यानाला येऊन पहिल्या रांगेत बसतात. सुरतेचे व्यापारी यापेक्षा प्रामाणिक म्हणायचे. बोर्डाला बोर्ड म्हणतात.

असो. परत आल्यावर माहितीपत्रकं मेस्तांना दाखवली. त्यांनी त्या कड चिकटवणाऱ्या यंत्राचं चित्र चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, चाळीस वर्षांपूर्वी मिळतं तर खांदे वाचले असते. मग मी मुद्द्याचं विचारलं. आपल्या शाळेची एक खोली रविवारी रिकामी असते. शिकवणीच्या सरांना जेवढे पैसे देतो तेवढेच तुम्हाला दिले, तर कुणाच्याही पोरांना शिकवाल का? कुणाच्याही म्हणजे कुणाच्याही. ते म्हणाले, शिकवीन. पोरं किती?

तो आकडा मी अजून सांगू शकलेलो नाही. सध्या माझा भाचा येतो, शिकवणी नसेल त्या रविवारी.