यंत्राची स्मृती कोणाच्या ताब्यात?

३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉन या अमेरिकन कंपनीने 'क्रुशल' या नावाने सामान्य ग्राहकांना रॅम विकण्याचा आपला धंदा आवरता घेत असल्याचे जाहीर केले. संगणक काम करीत असताना हाताखालची माहिती ज्यात ठेवतो ती स्मृती म्हणजे रॅम. जगातील तिच्या उत्पादनाचा बहुतांश भाग दक्षिण कोरियाच्या सॅमसंग व एसके हायनिक्स आणि ही मायक्रॉन अशा तीन कंपन्यांच्या हाती आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी प्रचंड डेटा सेंटरे उभारणाऱ्या भांडवलाकडून मोठी मागणी आली, आणि कारखान्यांचे उत्पादन अधिक नफ्याच्या त्या गिऱ्हाइकाकडे वळले. २०२५च्या उत्तरार्धात रॅमचे भाव झपाट्याने चढले ते यामुळेच.

या वार्तेशी मुखेडचा काय संबंध, असे एखादा कार्यकर्ता विचारील. बालाघाटच्या डोंगररांगांतला हा कोरडवाहू तालुका. लेंडी प्रकल्पाची वाट त्याने दशकानुदशके पाहिली. हंगाम आला की येथील माणसे कामासाठी गाव सोडतात. अशा ठिकाणी रॅमची चर्चा हे शहरी चोचले वाटणे स्वाभाविक आहे. परंतु शिष्यवृत्तीचा अर्ज, पीक विम्याची नोंद, प्रवेशपरीक्षेचा अर्ज आणि निकाल हे सर्व आज संगणकाच्या पडद्यावरून जाते. ज्याच्या शाळेतील यंत्र बंद, त्याला या प्रत्येक कामासाठी खाजगी दुकानापुढे रांग लावून पैसे मोजावे लागतात. आणि शाळेतील यंत्र बंद पडते ते पुष्कळदा मोडल्यामुळे नव्हे, तर त्याची स्मृती अपुरी पडल्यामुळे. रॅमची एक पट्टी बदलली तर जे यंत्र आणखी पाच वर्षे चालेल, ते कपाटात धूळ खाते. म्हणून यंत्राची स्मृती वाढविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न सॅन फ्रान्सिस्कोइतकाच मुखेडचाही आहे.

उघड्या खाचेचा काळ

हा अधिकार एके काळी वापरणाऱ्याच्या हाती होता. १९८१ साली ब्रिटनमध्ये सिंक्लेअर कंपनीचा 'झेडएक्स ८१' हा स्वस्त घरगुती संगणक निघाला. त्याची स्मृती अवघी एक किलोबाईट, म्हणजे १,०२४ अक्षरांची. एका पोस्टकार्डावर दाटीने लिहिलेला मजकूर तेवढा भरेल. मात्र यंत्राच्या पाठीमागे एक खाच होती. तिच्यात सोळा किलोबाईटचे कार्ट्रिज खोचले की तेच यंत्र सोळापट मजकूर पेलू लागे. याची यंत्रणा सोपी आहे. प्रोसेसरमधून पत्ता सांगणाऱ्या सोळा तारा निघतात आणि त्यांच्या साहाय्याने ६५,५३६ पत्ते सांगता येतात. छोट्या यंत्रात यांपैकी बहुतेक पत्ते ओसाड असत. खाचेतून या तारा बाहेर आणलेल्या असल्यामुळे कार्ट्रिज लावताच त्या ओसाड पत्त्यांवर वस्ती होई.

त्या काळाचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. स्वतः जोडून घ्यावयाचा 'झेडएक्स ८१' ४९ पौंड ९५ पेन्सला मिळे, आणि त्याच्या सोळा किलोबाईटच्या कार्ट्रिजची सुरुवातीची किंमतही तेवढीच होती. आधी अपुरे यंत्र स्वस्तात विकायचे आणि मग उणीव भरून काढण्याचे पैसे घ्यायचे, हा व्यापारी कावा त्यात होताच. शिवाय ते कार्ट्रिज सैल बसे. टेबलाला धक्का लागला की तासभर खपून टंकलेला कार्यक्रम क्षणात नाहीसा होई. लोक ते चिकटपट्टीने बांधून ठेवीत. परंतु खाच उघडी होती, हा मुद्दा महत्त्वाचा. तारांचा क्रम सर्वांना ठाऊक असल्यामुळे मेमोटेकसारख्या छोट्या कंपन्यांनी स्वतःची कार्ट्रिजे बाजारात आणली आणि मूळ कंपनीची मक्तेदारी टिकली नाही.

पुढल्याच वर्षी आलेल्या 'झेडएक्स स्पेक्ट्रम'ची गोष्ट अधिक बोलकी आहे. तो १६ आणि ४८ किलोबाईट अशा दोन प्रकारांत मिळे. सोळाचे यंत्र घेतलेल्याला पुढे पैसे जमल्यावर आत रिकाम्या ठेवलेल्या जागी आठ स्मृतिचिपा व त्यांच्या जोडीच्या काही लहान चिपा बसवून ते अठ्ठेचाळीसचे करता येई. या आठ चिपा मुळात दुप्पट क्षमतेच्या, पण अर्धा भाग सदोष निघालेल्या अशा असत. कारखान्याने टाकाऊ ठरविलेल्या मालाचा चांगला अर्धा भाग निवडून त्यावर हजारो घरांतले संगणक चालले. काटकसर हे मागासलेपणाचे लक्षण नव्हे, ती उच्च दर्जाची अभियांत्रिकी असू शकते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

भारतातील अनुभव

भारतात ही लाट थोडी उशिरा पोहोचली. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात 'स्पेक्ट्रम प्लस' परवान्यावर तयार करून विकला. त्याआधीच, १९८४-८५ साली, केंद्र सरकारने 'क्लास' प्रकल्पाखाली सुमारे अडीचशे शाळांपासून प्रारंभ करून 'बीबीसी मायक्रो' हे संगणक विद्यार्थ्यांपुढे ठेवले. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सार्वजनिक उपक्रमाने तेच यंत्र परवान्यावर 'युनिकॉर्न' या नावाने बनविले. या यंत्राच्या 'ब' प्रकाराची स्मृती ३२ किलोबाईट असे आणि सर्वांत सुस्पष्ट पडद्यासाठी त्यांतील २० किलोबाईट एकट्या चित्रालाच लागत. परदेशांत वापरणारे यंत्राचे झाकण उघडून त्यात जादा स्मृती बसवीत. भारतातील शाळांत मात्र यंत्र ही सरकारी मालमत्ता. तिची नोंद साठावहीत झालेली. तिला हात लावणे म्हणजे जोखीम. उघडता येणारे यंत्र आले, परंतु ते उघडण्याचा अधिकार त्याबरोबर आला नाही.

पुढे महाराष्ट्रात 'आयसीटी' योजनेखाली हजारो शाळांत संगणककक्ष उभे राहिले, तेही बांधा-चालवा-हस्तांतरित करा या तत्त्वावर, खाजगी कंपन्यांशी पाच वर्षांचा करार करून. मुदत संपली, यंत्रे शाळेच्या नावे झाली आणि ती सांभाळणारे कंत्राटी संगणकशिक्षक घरी गेले. सेवेत कायम राहावे म्हणून त्यांनी आंदोलने केली. तो प्रश्न केवळ त्यांच्या पोटाचा नव्हता. यंत्र मागे राहिले आणि यंत्राचे ज्ञान निघून गेले, हे त्या कराराचे खरे फलित होते.

याच्या उलट एक उदाहरण मराठी माणसाने विसरू नये. आयबीएमच्या वैयक्तिक संगणकात देवनागरी मुळात नव्हती. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेल्या आणि पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेल्या संशोधनातून 'जिस्ट कार्ड' तयार झाले. संगणकाच्या रिकाम्या खाचेत ते बसविले की पडद्यावर मराठी, हिंदी, तेलुगू, कन्नड अक्षरे उमटत. हे कशामुळे शक्य झाले? मूळ यंत्राच्या आराखड्यात इतरांसाठी खाच सोडलेली होती, तिची मापे जाहीर होती, म्हणून. ते यंत्र सीलबंद असते तर मराठीला एखाद्या परदेशी कंपनीच्या सवडीची वाट पाहत बसावे लागले असते. नांदेड-लातूरसारख्या, जेथे मराठीबरोबर तेलुगू व कन्नडही कानी पडते अशा सीमाभागाला याचे मोल सांगावयास नको.

आणखी एक धडा आयबीएमचाच आहे. ही कंपनी इतर देशांत वापरून जुनी झालेली यंत्रे भारतात भाड्याने देत असे. १९७८ साली, जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, भागभांडवलातील परकीय वाटा कमी करण्याची अट न मानता तिने देश सोडला. त्या निर्णयावर पुष्कळ वाद झाले. परंतु त्यानंतर जे घडले त्याची चर्चा कमी होते. कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सार्वजनिक कंपनीने देशभरातील आयबीएम यंत्रांची देखभाल हाती घेतली आणि ती यंत्रे चालू राहिली. परकीय कंपनी गेली तरी काम अडले नाही, कारण दुरुस्तीचे ज्ञान येथे निर्माण करण्यात आले होते. पुढे २००१ साली ही कंपनी निर्गुंतवणुकीत टाटा समूहाकडे गेली.

बंद पेटीचे अर्थकारण

आज अनेक नव्या लॅपटॉपांत रॅम मुख्य पटावर कायमची जोडलेली असते. खरेदीच्या दिवशी जेवढी घेतली तेवढीच जन्मभर. तीन-चार वर्षांनी नवे सॉफ्टवेअर तीत मावेनासे झाले की उरलेले धडधाकट यंत्रही भंगारात जाते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०'चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने थांबविला आणि चालती-बोलती असंख्य यंत्रे एका दिवसात 'जुनी' ठरली. यंत्राचे आयुष्य त्याच्या धातूवर आणि काचेवर न ठरता कंपनीच्या दिनदर्शिकेवर ठरू लागले आहे.

याच्या समर्थनार्थ असे सांगण्यात येते की, पटावर जोडलेली स्मृती कमी वीज घेते, वेगाने चालते आणि यंत्र सडपातळ होते. यात तथ्य नाही असे नव्हे. परंतु कमी विजेवर चालणारी, तरीही स्क्रू सैल करून बदलता येणारी 'एलपीकॅम-२' या नावाची स्मृतिपट्टी २०२४ साली बाजारातील लॅपटॉपमध्ये बसविण्यात आली. तेव्हा अडचण तंत्रज्ञानाची राहिलेली नाही. शिवाय शाळेच्या टेबलावर ठेवावयाचे यंत्र चार मिलिमीटर जाड झाले म्हणून कोणत्या विद्यार्थ्याचे नुकसान होणार आहे?

यंत्र माणसाच्या आवाक्यातले, त्याच्या ताब्यातले असावे, हा डॉ. राममनोहर लोहिया यांच्या लहान यंत्राच्या आग्रहाचा गाभा होता. आजचा संगणक आकाराने लहान झाला, पण ताबा मात्र दूर गेला. म्हणून यंत्राला विरोध किंवा यंत्राची भक्ती या दोन्ही टोकांच्या पलीकडे जाऊन काही नेमक्या मागण्या करावयास हव्यात.

पहिली मागणी खरेदीची. जिल्हा परिषद, शिक्षण विभाग किंवा अनुदानित संस्था जे संगणक घेतील त्यांची स्मृती व साठवण साध्या पेचकसाने बदलता आली पाहिजे आणि सुटे भाग किमान सात वर्षे मिळाले पाहिजेत, अशी अट निविदेतच हवी. फ्रान्सने २०२१पासून लॅपटॉपसारख्या वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचा गुणांक छापणे सक्तीचे केले. भारत सरकारनेही २०२२ साली 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली आणि संकेतस्थळ काढले. तो हक्क सरकारने स्वतःच्या खरेदीपासून अमलात आणावा.

दुसरी मागणी भंगाराची. स्मृती वाढवून व मुक्त कार्यप्रणाली घालून पाहिल्याशिवाय कोणतेही शालेय यंत्र निकामी ठरवू नये. सी-डॅकची 'बॉस' ही लिनक्स प्रणाली विनामूल्य आहे. केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त सॉफ्टवेअरचा मार्ग कित्येक वर्षांपूर्वीच स्वीकारला आहे.

तिसरी मागणी ज्ञानाची. मुखेडच्या शाळेतील यंत्र दुरुस्तीसाठी नांदेडला किंवा उदगीरला का जावे? तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत हे काम शिकविता येईल, आणि तेथील मुलामुलींना परिसरातील शाळांच्या देखभालीचे काम वेतनासह देता येईल. हंगामी स्थलांतरावर जगणाऱ्या तालुक्यात हा गावात राहून करावयाचा रोजगार ठरेल.

चौथी मागणी सार्वजनिक पैशाची. गुजरातेतील साणंद येथे मायक्रॉनचा स्मृतिचिपांच्या जुळणीचा व चाचणीचा कारखाना २०२३ साली मंजूर झाला. २७५ कोटी डॉलरच्या त्या प्रकल्पखर्चातील ५० टक्के केंद्राने व २० टक्के राज्याने उचलण्याचे ठरले. जनतेने सत्तर टक्के भार उचलावा आणि त्याच कंपनीने सामान्य ग्राहकाचे दुकान बंद करावे, हा व्यवहार एकतर्फी आहे. अशा अनुदानाबरोबर शाळांसाठी ठरावीक भावाने ठरावीक पुरवठ्याची अट घालणे हे सरकारचे कर्तव्य होय.

या मागण्या निवेदनापुरत्या राहू नयेत. तालुक्यातील प्रत्येक शाळेत किती संगणक आहेत, किती चालतात, आणि बंद असलेल्यांपैकी किती केवळ रॅमअभावी बंद आहेत, याची यादी कार्यकर्त्यांना एका सुट्टीत करता येईल. शाळा व्यवस्थापन समितीत पालक बसतात. त्यांनी ही यादी मासिक बैठकीत मांडावी आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी उत्तर मागावे. हातात अशी यादी असली की 'निधी नाही' हे ठरावीक उत्तर पुरे पडत नाही. नव्या यंत्रांच्या निविदेसाठी निधी कोठून येतो, हा पुढला प्रश्न विचारता येतो.